तिसऱ्या अंकातलं दार

"श्वास आत घे गं. कासोटा सुटला तर नाटक बाजूलाच राहील," असं म्हणत जानकीने सुगंधाच्या नऊवारीच्या निऱ्या खोचल्या.

"ताई, आज एवढी घट्ट नको ना नेसवू."

जानकीचा हात थबकला. मग तिने निऱ्या पुन्हा काढल्या आणि सैलसर खोचल्या. दुसरा अंक संपल्यावर ही नऊवारी पाच मिनिटांत सोडायची होती, हे ती क्षणभर विसरलीच होती. बारा वर्षांची सवय एका दिवसात कशी जाणार!

मेकपच्या खोलीबाहेर खोकल्याचा आवाज आला. धोंडिरामचा खोकला. आपल्या पत्र्याच्या पेटीवर तो दाराला पाठ लावून बसला होता. दर दहा मिनिटांनी खोकायचं आणि धाकटीला हाक मारायची, असा त्याचा दोन महिन्यांचा नेम होता.

"सुगंधा?"

"ओ, बाबा!"

"बरां."

दोघी बहिणी एकमेकींकडे न बघता पावडर लावू लागल्या.

घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर त्यांची खोली होती. धोंडिराम गिरणीत साचेवाला, मागावरचा कामगार. संपाला जवळजवळ तीन वर्षं होत आली होती, आणि गिरणी उघडेल असं आता फक्त तो एकटाच म्हणत होता. घर चालत होतं ते मुलींच्या नाटकांवर. भांडुप-मुलुंडकडच्या कारखान्यांची आणि कोकणातल्या गावांची मंडळं वर्षाला एक तरी नाटक करायचीच. पुरुष घरचेच, कुणी फिटर, कुणी शिपाई. बायका मात्र बाहेरून नाइटवर, प्रयोगामागे पैसे ठरवून, आणायच्या. धोंडिरामची बायको शेवंती वारली तेव्हा जानकी एकोणीस वर्षांची होती. गावच्या मंडळाच्या भाऊरावने विचारलं, "पोरगी उभी राहील काय?" आणि पोरगी उभी राहिली ती आजतागायत बसली नव्हती. सुगंधा मोठी झाल्यावर तीही आली. मुलींनी तोंडाला रंग लावायचा असेल तर बाप बरोबर पाहिजे, एवढी एकच अट धोंडिरामने घातली. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला पेटीची एक कडी त्याच्या हातात, दुसरी एका मुलीच्या हातात, अशी वरात निघायची. नाटक त्याला अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. समोर बसून मात्र त्याने ते एकदाही पाहिलं नव्हतं, सदा विंगेत पेटीवर.

भाऊरावचं ठेवणीतलं नाटक म्हणजे 'आधी थोरली'. आजोबांच्या काळातलं, पण लोक अजून पोट धरून हसायचे. एका सावकाराच्या दोन मुली. थोरलीचं जमत नाही तोवर धाकटीला कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, असा घराचा दंडक. थोरलीला बघायला येतो तो नाकासमोर चालणारा, तीन अंकांत एकच वाक्य बोलणारा नवरदेव. धाकटीचा आशक मात्र कधी आचारी होऊन स्वयंपाकघरात शिरतो, कधी ज्योतिषी होऊन ओसरीवर बसतो. दुसऱ्या अंकात नवरदेव एकटाच येऊन बघून जातो; तिसऱ्या अंकात त्याच्या घरच्यांसमोर थोरलीच्या बघण्याचा मोठा कार्यक्रम असतो, म्हणून धाकटीला कोठीच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी घालतात. ती दाराआडून पाहुण्यांची अशी खोड काढते की हॉल डोक्यावर घेतात लोक. शेवटी दार उघडावं तर बाई मागच्या खिडकीतून भटजी बोलावून लग्न लावून मोकळ्या! गळ्यात हार घालून जोडपं बाहेर येतं, आणि एका मांडवात दोन लग्नं होऊन पडदा पडतो. थोरली अर्थातच जानकी. बारा वर्षं ती मान खाली घालून पोह्यांची बशी पुढे करत होती, आणि नाटकभर तिला कुणीही काहीही विचारत नव्हतं.

खरोखरीचं बघणं झालं ते गेल्या महिन्यात. बघायला आलेला दशरथ टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामावर होता. वय छत्तीस, अंगाने किरकोळ. जानकी एकतीसची. जानकी ताट घेऊन आली तेव्हा पुढ्यातलं स्टूल वाटेत येत होतं, ते त्याने स्वतः उठून बाजूला केलं. मग बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "पोहे छान झालेत."

नाटकातल्या नवरदेवाचं तीन अंकांतलं एकुलतं एक वाक्य ते हेच! जानकीला असं हसू फुटलं की तिने पदर तोंडात धरला. पाहुण्यांना वाटलं, लाजली. पुढे दोन दिवस भांडी घासताना, नळावर रांगेत, तिला मधेच हसू यायचं. आणि हसता हसता तिच्या ध्यानात आलं की हा माणूस आपल्याला आवडलाय. आता कुठलं लग्न आणि कुठलं काय, असं तीन वर्षांपूर्वी ठरवून टाकलेल्या बाईला हे कळलं तेव्हा तिला थोडी भीतीच वाटली.

दशरथच्या आईने पोहे संपवले, हात धुतला आणि आतल्या दाराकडे बघितलं. रिवाजाप्रमाणे सुगंधाला शेजारी सुतारांकडे बसवलं होतं. पण म्हातारी काय ऐकते!

"धाकटीला पण बोलवा की. आमच्या जयवंतचं बघायचंय. थोरली आम्ही घेतो, वयाचं काही मनात आणत नाही. पण धाकटी जयवंतला द्या. एका मांडवात दोन कार्यं, तुमचा पण खर्च वाचेल."

जयवंत हा तिचा पुतण्या, चाळिशीचा बिजवर. तो कोपऱ्यात बसला होता. सुगंधा आली तेव्हा त्याने तिला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, मग वळून पुन्हा चालायला लावलं. दात मोजायचे तेवढे राहिले. दशरथ खाली मान घालून पोह्यातले शेंगदाणे बाजूला करत होता.

धोंडिरामला तर आभाळ ठेंगणं झालं. नाटकात दर वेळी बघितलेला शेवट आता आपल्या घरी होणार! शिवाय धाकटीची त्याला धास्ती होती. नवरात्रात त्याने तिला बेसिलबरोबर स्टेशनच्या पुलावर बघितलं होतं. बेसिल कुर्ल्याच्या जुन्या गावठाणातला, ख्रिस्ती. मंडळाच्या नाटकांना म्युझिक द्यायचा. धोंडिरामने मुलीच्या दोन थोबाडीत मारल्या, बेसिलला मंडळातून काढायला लावलं आणि पोरीला घरात डांबलं. प्रयोग सोडून बाहेर जाणं बंद, नळावर जायचं तर जानकीबरोबर. पण पोरांनी दसऱ्याआधीच वांद्र्याच्या कचेरीत लग्नाची नोटीस देऊन ठेवली आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. साखरपुडा, दोन्ही बहिणींचा, येत्या रविवारी ठरला.

"ताई, तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार," सुगंधा एका सकाळी नळावर म्हणाली होती. "आईशप्पथ. गेले तर तुझं मोडणार ना."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुला नको विचारू तर कोणाला विचारू?"

जानकीने भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि चढ चढली. तिला धाकटीचा रागच आला होता. असली परवानगी मागायची म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात धोंड बांधायची! पुढचे तीन दिवस ती भांडी आपटत राहिली. दशरथने सरकवलेलं स्टूल डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि त्याच्या मागोमाग जयवंतसमोर चालणारी सुगंधाही. चौथ्या दिवशी तांदूळ निवडताना ती मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्या अंकात तू चाळीस मिनिटं दाराआड असतेस. बाबा असतात समोरच्या विंगेत."

सुगंधाने हातातलं सूप खाली ठेवलं आणि थोरलीच्या पाठीला मिठी मारून रडली. "रडू नको, बाबा येतील," एवढंच जानकी म्हणाली.

पुढचं बेसिलच्या दोस्ताने, जॉनीने केलं. आता म्युझिकला तोच होता. कुर्ल्याच्या प्रयोगात त्याने दाराआड माइक लावून सुगंधाची सगळी वाक्यं कॅसेटवर घेतली. आज मुलुंडच्या हॉलमध्ये त्याच दाराआड स्पीकर ठेवायचा, जानकी गेल्या प्रयोगात जिथे जेवढी थांबली होती तिथे तेवढंच तिने थांबायचं, आणि हशा लांबला तर जॉनीने बटण दाबून टेप अडवायची. शेवटच्या वाक्याला दार न उघडताच जॉनी पडदा टाकणार. आशकाचं काम करणारा पोरगाही बेतात सामील होता. भाऊराव शिव्या घालील, घालू दे. कारखान्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून प्रयोग दुपारी एकचा होता. साडेचारला वांद्र्याची कचेरी. असा सगळा बेत होता.

एकच गोष्ट बेतात नव्हती. दुसऱ्या अंकात जानकी ताट घेऊन स्टेजवर आली आणि तिसऱ्या रांगेत तिला दशरथ दिसला. शेजारी त्याची आई, मांडीवर पिशवी. होणाऱ्या सुना काय काम करतात ते बघायला आली असणार. दशरथ मात्र हसत होता. स्टेजवरच्या नवरदेवाचं काम करणारा सहदेव, एरवीचा लेथवरचा कामगार, "प...पोहे छान झालेत," म्हणाला. हॉल खो-खो हसला, आणि दशरथने कपाळावर हात मारून घेतला. आपणही तेच बोललो होतो हे त्याला तिथे कळलं होतं. त्याने जानकीकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं पुढचं वाक्य चुकलं.

मध्यंतरात मेकपच्या खोलीत तिने सुगंधाची नऊवारी सोडली, तिला हिरवी साडी नेसवली. बेसिलची बहीण ग्रेस मागच्या दाराशी टॅक्सी घेऊन उभी होती.

"ते आलेत ना गं?" सुगंधाने विचारलं. "मी बघितलं. ताई, नको असेल तर अजून सांग."

जानकीच्या तोंडात 'थांब' हा शब्द आला होता. रविवार दोन दिवसांवर होता. तो माणूस तिसऱ्या रांगेत बसून तिच्याकडे बघून हसला होता. कुणीतरी तिच्याकडे बघून असं हसावं याची तिने वाट बघितली नव्हती असं थोडंच होतं?

"कुंकू पुसलंय तुझं," ती म्हणाली आणि करंगळीने धाकटीच्या कपाळावर कुंकवाची टिकली नीट रेखली. "पळ."

"सुगंधा?" बाहेरून हाक आली.

सुगंधाने खोलीच्या दुसऱ्या, स्टेजकडच्या दारातून उत्तर दिलं, "ओ, बाबा! चालले आत, कोठीत!" आणि ती पडद्यांच्या मागून गेली.

तिसरा अंक उघडला. धोंडिराम पेटी घेऊन आपल्या नेहमीच्या डाव्या विंगेत बसला. पाहुण्यांनी विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो का?" आणि दाराआडून आवाज आला, "तिला येतो! पण भाऊजींना जेवता येतं का ते बघा आधी!"

हशा उसळला. आवाज थोडा घोगरा होता, पण होता सुगंधाचाच. जानकीने विंगेकडे तिरप्या नजरेने बघितलं. धोंडिराम मान डोलवत ओठांनी वाक्यं म्हणत होता. कुर्ल्याला जेवढी थांबली तेवढीच थांब, असं ती स्वतःला बजावत होती. एकदा टेप घाईने पुढे गेली आणि कुणी विचारायच्या आधीच धाकटीने उत्तर दिलं. लोक आणखीच हसले. घड्याळ नव्हतं, पण टॅक्सी आता विक्रोळीला असेल, आता चेंबूरला, असा हिशोब तिच्या डोक्यात चालू होता.

शेवटचं वाक्य आलं. "ताई, कडी काढ! आता मांडवातच भेटू!"

जॉनी पडद्याच्या दोरीकडे धावला. टेप बंद करायला त्याला तिसरा हात नव्हता. दोरी अडकली होती की काय कोण जाणे, पडदा हलेना, आणि तेवढ्यात स्पीकरमधून तोच आवाज पुन्हा आला. हलका, माइकला तोंड लावून बोललेला.

"येते गं ताई. माझ्यापायी तुझं मोडणार, माहितीय मला. रागावू नको."

हे जानकीला ठाऊक नव्हतं. सुगंधाने कुर्ल्याला ते गुपचूप बोलून ठेवलं होतं. ताईने नंतर कधीतरी एकटीने ऐकावं म्हणून. आता ते सातशे लोकांनी ऐकलं. लोकांना नाटकच वाटलं. पण विंगेतल्या त्या एका माणसाला नाटक पाठ होतं. हे वाक्य नाटकात नव्हतं.

धोंडिराम उठला. जानकीने त्याला सेटच्या मागे जाताना बघितलं. दारावर आतून धक्का बसला, दुसरा बसला. नाटकातली कडी ती, कितीशी टिकणार! दार उघडलं, आणि गळ्यात हार घातलेल्या जोडप्याऐवजी पायजमा-टोपीतला धोंडिराम झगझगीत प्रकाशात उभा राहिला.

हॉल हशाने दणाणला. शिट्ट्या वाजल्या. कुणीतरी ओरडलं, "सासरेबुवा आले रे!" सावकाराच्या वेशातला भाऊराव तोंड वासून बघत राहिला. धोंडिरामला समोरचं काही दिसत नव्हतं. उभ्या जन्मात तो प्रेक्षकांसमोर आला नव्हता. त्याने डोळ्यांवर हात धरला आणि तो नुसता म्हणाला, "सुगंधा?" या वेळी 'ओ' आली नाही. लोक आणखी हसले.

आपल्या बापाला हसताहेत, एवढंच जानकीला कळलं. ती उठली. पोह्यांचं ताट तिने खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि संथपणे चालत त्याच्यापाशी गेली. थोरलीला या जागी एकही वाक्य नव्हतं. तिने त्याचा हात धरला.

"बाबा, ती गेली," ती म्हणाली, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "मीच कडी काढली. तिला मनासारखं घर मिळालंय. तुम्ही बसा."

तिने त्याला सावकाराच्या बैठकीवर बसवलं आणि वाकून त्याच्या पाया पडली. हशा हळूहळू विरला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. दोरी सुटली आणि पडदा पडला.

तिसऱ्या रांगेत दोन माणसं टाळ्या वाजवत नव्हती. धोंडिरामला ती दोघंही ओळखत होती.

म्हातारी पाच मिनिटांत आत आली. धोंडिराम अजून बैठकीवरच होता, टोपी हातात.

"धोंडिरामभाऊ, रविवारी आम्ही येत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन म्हणून ठरलं होतं. ख्रिश्चनाकडे गेली ना? आमच्या कानावर आलं होतं, मी विश्वास ठेवला नाही."

'मी आहे ना, काकू,' असं जानकीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. स्वतःसाठी अशी मनधरणी करायची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रडूही आलं. ती पाठ वळवून पेटीत कपडे भरू लागली. सुगंधाची नऊवारी तिने नीट घडी घालून तळाशी ठेवली.

म्हातारी गेली. धोंडिरामने विचारलं, "तुका ठावक होता?"

"होतं."

तो मारील असं तिला वाटलं होतं. पण तो टोपीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "तिचा काय ता होयत," तो शेवटी म्हणाला. "तुझा मोडला गो, बाये. माझ्या डोळ्यांदेखत मोडला." आणि तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जानकीने पेटीचं झाकण लावलं. मान वर केली तर दारात दशरथ. त्याच्या हातात तिकिटाचं अर्धुक होतं, त्याची त्याने सुरळी केली होती.

"काम छान झालं तुमचं," तो म्हणाला.

ती हसली. खरंच हसली, डोळ्यांतलं पाणी न पुसता. तोही हसला, मग त्याचं हसू राहिलं नाही. पेटी जड आहे हे बघून तो पुढे झाला, वाकला, आणि त्याने कडीला हात घातला.

"दशरथ!" बाहेरून हाक आली.

तो तसाच वाकलेला राहिला. जानकी त्याच्या हाताकडे बघत होती. बोटांना शिक्क्याची जांभळी शाई लागलेली होती. त्याने पेटी आत्ता उचलली, तर... एवढंच ती मनात म्हणत होती. मग ती बोटं एकेक करून सुटली.

"येतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते नीट कळलं नाही. तो गेला.

जानकीने कडी धरली आणि पेटी एकटीने ओढत बाहेर आणली. फरशीवर पत्र्याचा कर्कश आवाज झाला. दहा-बारा पावलांनंतर आवाज थांबला आणि पेटी हलकी झाली. मागे न बघताही तिला कळलं. दुसऱ्या कडीला धोंडिरामचा हात होता. टोपी त्याने डोक्यावर नीट घातली होती.

दोघं अंगणातून चालत फाटकाशी आले. फाटकावरचा वॉचमन दुपारी त्यांना ओळखून हसला होता, आताही हसला.

"काय बाबा, येताना तिघं होतात. धाकटी ताई कुठं राहिली?"

धोंडिराम थांबला. त्याने पेटी खाली ठेवून हात बदलला, पुन्हा कडी धरली.

"लग्नाक गेली," तो म्हणाला. "घरचाच लगीन आसा."

जानकीने आपली कडी उचलली आणि दोघं रस्ता ओलांडायला गाड्या जायची वाट बघत उभे राहिले.